उजव्या बाजूचा मागचा बल्ब

माझे सासरे चौतीस वर्षं विमा कंपनीत सर्व्हेअर होते. म्हणजे दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या की तिथे जायचं आणि कोणाचं किती चुकलं ते ठरवायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सवय काही गेली नाही. घरात दूध उतू गेलं तरी "गॅसपाशी उभी होती तिचे साठ, तिला हाक मारली त्याचे चाळीस" असा निकाल लागतो, आणि तो चष्म्याच्या वरून बघत अशा थाटात देतात की ओटा पुसणारीने उलट आभार मानावेत. सासूबाई म्हणतात, "आमच्या लग्नात यांनी माझे किती टक्के धरलेत ते मी अजून विचारलेलं नाही."

मला या सगळ्याची मजा वाटायची. मग माझाच अपघात झाला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे हलते करते, त्यामुळे गाडीशिवाय माझं पान हलत नाही. त्या गुरुवारी दुपारी एका आजोबांकडे निघाले होते. त्यांच्या गल्लीत उजवीकडे वळायचं म्हणून वेग कमी केला, इंडिकेटर दिला, समोरून कोणी येत नाही हे पाहिलं आणि स्टिअरिंग फिरवलं. तेवढ्यात मागची टॅक्सी उजव्या अंगाने मला ओलांडायला गेली आणि धाडकन माझ्या दारावर येऊन आदळली.

नशिबाने कोणाला फार लागलं नाही. माझं कोपर खरचटलं, दार आत गेलं, टॅक्सीचा पुढचा दिवा फुटून रस्त्यावर काचांचा सडा पडला. टॅक्सीवाला खाली उतरला. पन्नाशीचा, काटकुळा, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेला माणूस.

"ताई, वळायचं होतं तर इंडिकेटर द्यायचा ना," तो म्हणाला.

"दिला होता."

"नव्हता, ताई."

"मी स्वतःच्या हाताने दिलाय. मला शिकवू नका."

पुढचं मी जे बोलले ते लिहीत नाही. आवाज माझा मोठा होता आणि बाजू माझी खरी होती, त्यामुळे जमलेले लोकही माझ्याच बाजूचे झाले. तो "नव्हता" एवढंच दोनदा म्हणाला.

वाहतूक चौकीतल्या अधिकारी बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि सोमवारी लेखी निवेदनं आणायला सांगितली. मग टॅक्सीवाल्याचं कार्ड पाहून त्यांनी मान हलवली. त्याच्या नावावर आधीच दोन नोंदी होत्या, एक वेगाची, एक चुकीच्या बाजूने गाडी घातल्याची. "तिसरी लागली की बिल्ला जमा होईल, माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं. बिल्ला जमा म्हणजे टॅक्सी कायमची बंद. पंचवीस वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नव्हतं. मला तेव्हा त्याची दया आली असं सांगायला आवडलं असतं, पण नाही आली. दोन नोंदी असलेला तो आणि एकही नसलेली मी, यात ठरवायचं काय होतं?

घरी नवऱ्याचं मत तयारच होतं. "बाबा, एक कागद लिहून द्या. तुमच्या सहीला चौकीत अजून मान आहे."

"गाडी पाहिल्याशिवाय मी माझ्या आईच्या बाजूनेसुद्धा लिहिलं नसतं," बाबा म्हणाले.

शनिवारी सकाळी ते गॅरेजमध्ये आले. सोबत त्यांची जुनी पिशवी: भिंग, टॉर्च, झिजलेला टूथब्रश आणि लहान पाकिटांचा गठ्ठा. टॅक्सीही त्याच गॅरेजात लागली होती आणि टॅक्सीवाला एका कोपऱ्यात बसून फुटक्या दिव्याच्या काचा वेचत होता. त्याने बाबांना नमस्कार केला. मला केला नाही, आणि मीही तिकडे पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, बाबा आधी दार बघतील. ते सरळ गाडीच्या मागे गेले. मला आत बसवून उजवा इंडिकेटर लावायला सांगितला. पुढचा दिवा लागला, मागचा लागला नाही.

"धडकेत गेला असेल," मी म्हणाले. गॅरेजवाल्यानेही मान डोलावली.

बाबांनी मागचं कव्हर काढलं, बल्ब फिरवून बाहेर घेतला आणि बराच वेळ भिंगाखाली धरला. मग भिंग माझ्या हातात दिलं.

"दिवा चालू असताना धडक बसली तर तार तापलेली असते. तापलेली तार मऊ, ती ताणली जाते, वेडीवाकडी होते. दिवा बंद असताना बसली तर एक तर काही होत नाही, नाही तर तार कट्कन तुटते, टोकं धारदार राहतात. आता ही बघ."

तारेच्या दोन्ही टोकांना मोहरीहूनही बारीक गोळे होते. काच आतून धुरकटली होती.

"ही धडकेने तुटलेली नाही. वापरून वापरून जळाली. वितळली म्हणून टोकांना गोळे आले. टॅक्सी लागली त्याच्या आधीच हा बल्ब गेला होता."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"नाही. तू इंडिकेटर दिलास, पुढचा लागला. तो होता मागे, त्याला मागचा दिसायला हवा होता, आणि तो लागलाच नाही. तुम्ही दोघंही खरं बोलताय. खोटं बोलणारे मला या धंद्यात फार कमी भेटले."

"बाबा, तुम्ही नक्की कोणाकडून आहात?"

"तुझ्याकडून. बल्ब कोणाकडूनच नसतो."

मला इतका संताप आला की तो बल्ब तिथेच आपटावासा वाटला. बाबांनी तो शांतपणे पाकिटात घातला, वर तारीख टाकली आणि विचारलं, "आत टिकटिक कशी येत होती? नेहमीसारखी की घाईघाईची?"

माझे कान गरम झाले. टिकटिक दुप्पट वेगाने येत होती. मंगळवारी तर मी एका पेशंट काकूंना हसत म्हणाले होते की, आता माझ्या गाडीलाही घाई व्हायला लागली आहे. हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. नेहमीसारखी म्हणाले असते तर बाबांनी तसंच लिहून घेतलं असतं.

"घाईची," मी म्हणाले. "सोमवारपासून."

"एक बल्ब गेला की टिकटिक वाढते. आणि वळताना आरशात पाहिलंस?"

"इंडिकेटर दिल्यावर आरशात कशाला बघायचं?"

त्यांनी हेही लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन काड्यापेट्या मागेपुढे ठेवून निकाल लागला. पुढची गाडी हळू झाली, इशारा नाही, रस्ता मोकळा, अशा वेळी मीही ओलांडली असती, असं म्हणून बाबांनी टॅक्सीला शून्य दिलं. शंभर माझे.

सासूबाई म्हणाल्या, "एक विचारू? टिकटिक वाढली की बल्ब गेला असं समजायचं, हे तिला कोणी सांगितलं होतं?"

बाबांनी मागची काड्यापेटी जरा सरळ केली.

"चौतीस वर्षं अख्ख्या जगाला सांगत फिरलात. घरात सांगितलंत?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तिचे सत्तर," ते म्हणाले, "माझे तीस." सासूबाईंनी विजयी मुद्रेने ताटं उचलली.

"पण हे सगळं बाहेर कशाला?" नवरा म्हणाला. "बल्ब धडकेत गेला म्हणायचं. चौकीत कोण भिंग घेऊन बसलंय?"

बाबांनी बल्बचं पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "निवेदन तिचं आहे. मला जे दिसलं ते मी सांगितलं."

रविवारचा अख्खा दिवस मी भांडी आपटण्यात घालवला. मला लाज वाटत होती आणि तिचा राग मी बाबांवर काढत होते. ज्या माणसाला मी चारचौघांत वाटेल ते बोलले त्याच्यासमोर उभं राहून "तुमचं बरोबर होतं" म्हणायचं, या विचारानेच मी कागदाला हात लावत नव्हते. दोनदा मी चहाचा कप बाबांसमोर ठेवला, तोही आदळूनच. दोन्ही वेळा ते "छान झालाय" म्हणाले. रात्री जेवण झाल्यावर मी कागद घेऊन बसले आणि एका दमात लिहून काढलं. बल्ब, टिकटिक, सोमवार, आरसा, सगळं. शेवटी, चूक माझी आहे. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी एका ठिकाणी तारीख दुरुस्त केली आणि खाली स्वतःचा शेरा आणि सही केली.

सोमवारी चौकीत टॅक्सीवाला आमच्या आधीच येऊन बसला होता. तसाच, वरपर्यंत बटणं लावलेला. अधिकारी बाईंनी माझं निवेदन मोठ्याने वाचलं, बल्ब उजेडासमोर धरून पाहिला, बाबांना दोन प्रश्न विचारले. मग टॅक्सीवाल्याकडे हात केला. "तुमचं द्या."

त्याने हातातला घडी केलेला कागद मागे ओढला. "आता राहू द्या, मॅडम."

"नियम आहे. द्या."

बाईंनी घडी उघडली, तर आतून बिल्ला टेबलावर पडला. कागदावर तीनच ओळी होत्या. ताईंनी इंडिकेटर दिला असेल. मला दिसला नाही. चूक माझी आहे.

"असं का लिहिलंत?" बाईंनी विचारलं. "त्या दिवशी तर नव्हता म्हणत होतात."

तो माझ्याकडे न बघता सांगू लागला. "शुक्रवारी डोळे तपासून घेतले, मॅडम. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. मग मला जास्तच भीती वाटली. डोळे चांगले आहेत आणि एवढा समोरचा दिवा दिसत नाही, म्हणजे आपलं लक्षच उडायला लागलं. गाडीत माणसं बसतात. बायकोला म्हटलं, त्यांनी काढून घ्यायच्या आधी आपणच देऊन टाकू. ताई इतक्या खात्रीने सांगत होत्या."

बाईंनी बिल्ला उचलून त्याच्यासमोर ठेवला. तो काही लगेच घेईना. त्याने पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे दिवा नव्हताच?"

"नव्हता," मी म्हणाले. "तुम्हाला बरोबर दिसलं होतं."

मग त्याने बिल्ला उचलला.