रुमाल सुटल्यावरचा तिसरा भाग

धुळ्यातल्या टॉकीजचा तो डोअरकीपर चावट सिनेमांची पारख पडद्याकडे पाठ करून, नुसतं पब्लिकचं हसू ऐकून करायचा. तसल्याच एका सिनेमाच्या पहिल्या भागाला मी तोंडाला रुमाल बांधून गेलो होतो आणि पोट दुखेपर्यंत हसलो होतो. परवा तिसरा भाग लागला. तीच बाथरूमची फट, तीच वात्रट पोरं, पोटं सुटली तरी अजून बारावीतच. मध्यंतरातच जांभया देत बाहेर आलो.

दार उघडत तो म्हणाला, "पहिला भागले बठ्ठा लोक रुमाल बांधीसन येत. लाज वाटे, म्हनीसन हासू ये. आते लाजच नही, ते हासू कोठून येई?"

मी सिनेमावाल्यांच्या नावानं खडे फोडले.

त्यानं माझ्या उघड्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तुमना रुमाल कोठे शे, भाऊ?"