यवनकाकांचा गणपती

यवनकाका कोणाच्याही घरी गेले की आधी खांब बघत. अमेरिकेत, कॅरी गावातलं स्वतःचं घर तर त्यांनी दारापुढच्या दोन पांढऱ्या खांबांसाठीच घेतलं. वरची कोरलेली पानं दाखवून त्यांनी एजंटला विचारलं, "ही ग्रीकांची, कोरिंथची पद्धत ना?" एजंट म्हणाला, "फायबर आहे, वाळवी लागत नाही." काकांनी तिथल्या तिथे होकार दिला. स्वयंपाकघराला खिडकी नाही हे काकूंना सामान आल्यावर कळलं.

काका मूळचे पुण्याचे, औषधांच्या कंपनीतून निवृत्त झालेले केमिस्ट. सिकंदराबरोबर पूर्वेला आलेले ग्रीक, म्हणजे आपले यवन, हा त्यांचा एकमेव विषय. सिकंदराबद्दल त्यांना प्रेम नव्हतं. त्यांचा जीव होता तो मागे राहिलेल्या शिपायांवर. "त्याने ऑफर लेटर दिलं, रिटर्न तिकीट दिलं नाही," ते म्हणत. "बसले बिचारे अफगाणिस्तानात, बल्खकडे. नाट्यगृह काढलं, व्यायामशाळा काढली. आपलं महाराष्ट्र मंडळच की ते!"

मी तेव्हा नागपूरहून व्हिसावर नवा आलो होतो. विचारलं, "मग पुढे काय झालं त्यांचं?"

"नातवंडं झाली," काका म्हणाले.

त्यांची नात इरा त्यांच्याच घरात वाढत होती. काका तिच्याशी फक्त मराठीत बोलत, ती फक्त इंग्रजीत उत्तर देई. काकांचा उजवा कान अधू होता. मान वळवून, डावा कान पुढे करून ते विचारत, "जेवलीस का गं?" तिकडून यायचं, "आय ॲम गुड, आजोबा." काका कान मागे घेत. आपण गेल्यावर या घरात आपलं काही म्हणजे काही उरणार नाही, या धास्तीने त्यांना ग्रासलं होतं. ते इतिहासातून शिकले होते, त्यामुळे त्यांची समजूत घालणं कठीण होतं.

आमच्या मंडळात दरवर्षी मुलं शाडूचे गणपती करतात आणि त्यातलाच एक हॉलमध्ये बसतो. इरा हायस्कूलला असताना तिने केलेला गणपती उभा होता. रुंद खांदे, सपाट पोट, एक गुडघा किंचित दुमडलेला आणि खांद्यावरून पायापर्यंत चुण्याचुण्यांचं वस्त्र.

"अगं, हा गणपती की स्विमिंग कोच?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "पोट कुठंय?"

"ही वर्क्स आउट," इरा म्हणाली.

मूर्ती रीतसर नापास झाली. काका मात्र तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "या चुण्या कोणी शिकवल्या तुला?"

"नोबडी. वुई ड्रॉ ग्रीक स्टॅच्यूज इन आर्ट क्लास."

काकांनी चष्मा काढून पुसला आणि उलटा घातला. "गांधारच्या कारागिरांनी बुद्धाला असंच उभं केलं होतं हो," ते मला म्हणाले. "यवनांची वस्त्रं, आपला देव. त्यांची भाषा गेली. हात राहिले." मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होतो.

नापास गणपती त्या फायबरच्या खांबांमधून वाजतगाजत घरात आला. विसर्जन परसात, प्लास्टिकच्या टबात. काकांचे हात मूर्तीवरून सुटेनात. इरा म्हणाली, "रिलॅक्स, आजोबा. आय विल मेक अनदर वन." आणि ती खरंच दरवर्षी करत गेली. काकांनी नातवंडांचा विषय काढणं सोडून दिलं. खांबांचा सोडला नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. गल्लीत कोणाचाही पांढरा खांब दिसला की मी अजून वरची पानं बघायला थांबतो.

या वर्षी इरा कॉलेजमधून चार दिवस आधी आली. तिने केलेल्या गणपतीला पोट होतं. तो खुर्चीवर बसला होता, पाठीत थोडा वाकलेला, खांद्यावर काकांची शाल असायची तशी शाल. मान वळवलेली, डावा कान पुढे. अध्यक्षीणबाई मूर्तीभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "हॉलमध्ये हाच बसेल."

विसर्जनाला मूर्ती काकांच्या परसात आणली, टब भरला, आरती झाली, पण मूर्ती उचलायला कोणी पुढे होईना. काकू पाठ फिरवून उभ्या होत्या. शेवटी इरानेच उचलली. पाण्यात सोडण्याआधी ती त्या डाव्या कानाशी वाकली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "जेवले मी, आजोबा. पुढच्या वर्षी लवकर या."