ज्याची पानं, त्याचा डाव

वीस-पंचवीस माणसं पैशांऐवजी मिळालेल्या रंगीत चकत्या बोटांतून खेळवत बसली की जो नाद उठतो, तो परातीत चिंचोके घोळवल्यासारखा असतो: सौम्य, अखंड आणि काहीसा विचारमग्न. डेट्रॉइटमधल्या एका कसिनोत, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, तो मी प्रथम ऐकला. बाहेर मेपलची झाडं लाल-केशरी रंगांनी पेटली होती आणि नदीवरून येणाऱ्या वाऱ्याला थंडीची पहिली धार चढली होती. आत मात्र ना ऋतू होता, ना प्रहर. जाड गालिच्यात वर्षानुवर्षं मुरलेला सिगारेटचा वास, त्यावर शिंपडलेला कसलासा कृत्रिम सुगंध, आणि कुठून तरी तळलेल्या बटाट्यांचा खमंग दरवळ. ब्याऐंशी वर्षांच्या माझ्या वडिलांचा हात धरून मी चालले होते, आणि ओळखीचं कोणी भेटू नये अशी मनोमन प्रार्थना करत होते.

कल्पना ईशाची, माझ्या मुलीची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नागपूरच्या कोर्टात आयुष्यभर वकिली केली. शब्द हीच त्यांची उपजीविका आणि शब्द हाच त्यांचा विरंगुळा. आई गेल्यावर ते आमच्याकडे, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावी, राहायला आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू दुबळी केली व वाणी हिरावून नेली. समजत सगळं होतं, विचारही शाबूत होते. पण मनातला शब्द ओठांपर्यंत येईतो वाटेत हरवायचा, किंवा त्याच्या जागी भलताच कोणी येऊन उभा राहायचा. 'खिडकी' म्हणायला जावं तर 'सोमवार' निघे, आणि चूक त्यांची त्यांनाच उमगून ते डोळे मिटून घेत. ते मिटलेले डोळे मला पाहवत नसत. म्हणून मी त्यांच्या आधी बोलू लागले; डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी, भारतातून येणाऱ्या फोनवर. त्यांचं वाक्य सुरू होण्यापूर्वीच मी ते पूर्ण करत असे, आणि त्यात मला मायेचं एक कौशल्य वाटे.

उन्हाळ्यात ईशा शिकागोहून आली तेव्हा सहज म्हणून तिने अण्णांसमोर पत्ते वाटले. त्यांच्या डाव्या हाताने पानं उचलली, लावली, आणि त्या निस्तेज चेहऱ्यावर रविवारच्या रमीची जुनी, लबाड चमक उमटली. मग तिने त्यांना पोकर शिकवला. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मध्ये पाच उघडी, सगळ्यांची मिळून. त्यांतून ज्याची जुळणी सरस, तो जिंकला. "आई, यात बोलावंच लागत नाही," ती म्हणाली. टेबलावर बोटं टेकवली की 'तूर्तास थांबतो', चकत्या पुढे सरकवल्या की 'मी आहे', पानं ढकलून दिली की 'सोडलं'. खरंच, अख्खा खेळ मौनाच्या व्याकरणावर उभा होता.

ऑक्टोबरात ईशा पुन्हा आली, तेव्हा कसिनोत आम्ही बसलो ते सर्वांत छोट्या बोलीचं टेबल. तिथे बोली किती वाढवायची तेही ठरलेलं असतं. कोणी श्रीमंत होत नाही, कोणी बुडतही नाही. दुपारच्या वेळी निवृत्त माणसं तिथे येतात, आपल्याकडे देवळाच्या पारावर यावीत तशी. मोटारींच्या कारखान्यात हयात घालवलेल्या डॉट नावाच्या आजी होत्या, गळ्यात चष्म्याची मण्यांची साखळी घातलेल्या. त्यांच्या शेजारी टोपीवाले एक उंच गृहस्थ. ईशा आणि मी अण्णांच्या मागे खुर्च्या घेतल्या. कोणी त्यांना काही विचारलं नाही. पानं येत राहिली, बोटं टेकत राहिली, आणि कित्येक महिन्यांनी प्रथमच माझे वडील चार माणसांत चौघांसारखे दिसले.

मग एका डावात त्यांनी बोली वाढवायची ठरवली. डाव्या हाताला चकत्यांची सवय नव्हती. निम्म्या चकत्या पुढे गेल्या, निम्म्या मागेच सांडल्या, आणि त्या उचलून त्यांनी पुन्हा हात पुढे नेला. टोपीवाल्यांनी शांतपणे हरकत घेतली: वाढवायचं तर एकाच खेपेस सरकवायला हवं, नाही तर तोंडाने सांगायला हवं. नियम खराच होता. पत्ते वाटणाऱ्या डीलर बाईंनी अण्णांकडे वळून आदराने विचारलं, "सर, रेझ की कॉल?" म्हणजे बोली वाढवता, की आहे तेवढीच भरता? सगळं टेबल त्यांच्याकडे पाहू लागलं. अण्णांचे ओठ हलले. "सो..." ते म्हणाले आणि थांबले. सोमवार येतो आहे हे मला कळलं, आणि त्यांचे डोळे मिटण्याआधी मी उठून म्हणाले, त्यांना रेझ करायचं आहे.

डीलर बाईंनी तळहात माझ्याकडे वळवला. "मॅम, प्लीज. वन प्लेअर टू अ हँड." ज्याची पानं, त्यानेच खेळायचं, दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने बोलायचं नाही. मी त्यांचं आजारपण सांगितलं, मी त्यांची मुलगी आहे हेही सांगितलं. त्यांनी सारं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आय नो. ही कॅन टेक हिज टाइम."

"आई, बस ना," ईशा हळूच म्हणाली. मी बसले.

त्यानंतरची शांतता मी अजून विसरलेले नाही. टोपीवाले खुर्चीत मागे रेलले. डॉटआजींनी चष्मा काढून पदराने पुसावा तसा स्वेटरच्या टोकाने पुसला. कोणी मदत केली नाही, कोणी घाईही केली नाही. आणि त्या स्तब्धतेत कीव नव्हती. अण्णांनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी सावकाश डाव्या हाताचा अंगठा उचलला आणि वरच्या दिशेने धरून ठेवला. डीलर बाईंनी टोपीवाल्यांकडे पाहिलं. "दॅट्स अ रेझ," तेच म्हणाले.

तो डाव अण्णा हरले. त्यांच्या राण्यांच्या जोडीवर डॉटआजींच्या तीन दश्श्या निघाल्या. आजींनी टेबलावर बोटांनी टकटक करून त्यांना दाद दिली, आणि अण्णा हसले. गळ्यातून, मोठ्याने, कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये मित्रांनी एखाद्या मुद्द्यावर चीत केल्यावर हसत तसे. ते हसू मी घरी ऐकलं नव्हतं.

परतताना आम्ही कॉफीच्या दुकानात थांबलो. काउंटरवरच्या मुलीने काय हवं असं विचारलं तेव्हा 'बिनसाखरेचा चहा' माझ्या जिभेवर आलाच होता. हिवाळ्यापासून मी त्यांच्यासाठी तोच मागवत आले होते. मी ओठ मिटले. अण्णा फळ्यावरची चित्रं निरखत राहिले. मागे रांग वाढली, कोणी तरी खाकरलं. अखेर त्यांचं बोट उठलं ते भोपळ्याच्या रंगाच्या, वर क्रीमचा डोंगर असलेल्या एका भल्यामोठ्या पेयाकडे. माझ्या स्वप्नातही ते मी त्यांच्यासाठी निवडलं नसतं.

खिडकीपाशी बसून अण्णा ते मिशीला पांढरी किनार लागेपर्यंत प्यायले. तिरप्या सोनेरी उन्हात त्यांचा चेहरा मला थोडा अनोळखी वाटला, आणि त्या अनोळखीपणाबद्दल मला प्रेम वाटलं. "आवडलं का, अण्णा?" मी विचारलं. ते शब्द शोधू लागले. ईशाने उचललेली गाडीची किल्ली पुन्हा टेबलावर ठेवली. रस्त्यापलीकडे पानं एकेक करून उतरत होती, आणि मी वाट पाहत राहिले.