आखूड पॅन्ट

उल्हासनगर कॅम्प दोनमधला माझा टेलर माप घेताना प्रत्येकाला बजावतो, "साहेब, सीधे उभे राहा." त्याला स्वतःला ते कित्येक वर्षं जमत नव्हतं. गुडघे पूर्ण सरळ होत नसत, त्यामुळे तो कायम खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखा दिसायचा. स्वतःची पॅन्ट तो त्या मापाने आखूड शिवायचा आणि ती त्याला झकास बसायची.

यंदा त्याने दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. गुडघ्याखाली उशी घेतलीत तर पाय परत वाकतील, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याने घरातल्या सगळ्या उशा शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. आता तो ताठ उभा राहतो आणि पॅन्ट घोट्याच्या चार बोटं वर राहते.

परवा मी म्हटलं, "गिऱ्हाइकांना सांगता, 'लांब शिवतो, आखूड कधीही करता येते.' मग स्वतःच्या पॅन्टची खालची शिलाई उसवून ती लांब करा की."

"उसवू ना. घाई काय आहे?" तो माझ्या कमरेला टेप लावत म्हणाला. "तुम्ही सीधे उभे राहा."

मी सरळ उभा राहिलो, तेव्हा समोर खुंटीवर त्याची नुकतीच शिवलेली नवी पॅन्ट दिसली. तीही जुन्याच मापाची, आखूडच होती.