काय म्हणून हाक मारता?

चितेगावच्या माझ्या कारखान्याचं एक थकलेलं बिल वसूल करायला मी एजन्सी शोधत होतो. बाकीच्यांनी आधी रक्कम विचारली. हा वसुली एजंट मात्र हेल्मेट मांडीवर घेऊन बशीतला चहा फुंकत बसला. एवढा मऊ माणूस वसुली करतो कशी, याचंच मला कुतूहल.

"ज्यांच्याकडे पैसे अडकलेत, त्यांना काय म्हणून हाक मारता?" त्यानं विचारलं.

"मामा. सख्खे नाहीत, पण माझ्या पहिल्या मशीनला जामीन तेच राहिले."

"मग तुम्हीच जाऊन या, शेठ. मी गेल्यावर मामा म्हणता येणार नाय."

खरं सांगतो, मामांसमोर जायची माझी हिंमत नव्हती. मी त्यालाच पाठवलं. पैसे आले.

आजवर मला अरे-तुरे करणारे मामा परवा पैठण रोडवर भेटले. म्हणाले, "नमस्कार, साहेब."