कौसाबाईने जिवंत माणसाला दिलेलं आवतण

मांजर्लीच्या कौसाबाईला अक्षरओळख नव्हती, पण आगऱ्यांच्या लग्नात तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. ती धवलारीण. आधी देवांना आणि मग घरातल्या मेलेल्यांना, एकेकाचं नाव घेऊन, गाण्यातून लग्नाला बोलवायचं हे तिचं काम. बऱ्याच ओळी ती तिथल्या तिथे रचायची.

१९८९च्या वैशाखात गावातल्या म्हाताऱ्या आण्णांच्या नातीचं लग्न होतं. मेलेल्यांची नावं सकाळी आण्णांनीच सांगितली. प्रत्येक नावाला कौसाबाईने पाटावर तांदळाचा एक दाणा ठेवला. अकरा दाणे झाले. शेवटचा आण्णांच्या धाकट्या भावाचा, महिपतीचा.

मांडव गच्च भरला. ताशा थांबला. कौसाबाई दाणा उचलायची, नाव गायची, बायका ओळ झेलायच्या. अकरावा दाणा उचलून तिने खणखणीत आवाजात आवतण दिलं ते आण्णांना.

आण्णा समोर पहिल्याच पाटावर बसले होते.

बायकांची ओळ अर्ध्यात तुटली. "हिला आता घरी बसवा," वरपक्षाकडची बनूबाई म्हणाली. "उद्या नवरीचंच नाव घेईल!"

चाळीस वर्षांचा मान त्या एका नावावर आला होता. मागून कोणीतरी सुचवलं, पुढचं गा, कोणी ध्यानात ठेवणार नाही. कौसाबाईने नकारार्थी मान हलवली आणि त्याच चालीत गायला लागली:

"तोंड माझं मातीचं, चुकलं गं बाई,
मातीला घाई, जित्याला नाही.
आण्णा बसे मांडवी, हळद लावा त्याला,
त्याच्या आधी आवतण धाडा गं मला."

आण्णा ताडकन उठले. "मना आवतण दिलंस ना कवशे? मंग हा मी आलू! पन जेवल्याबिगर जानार नाय!"

मांडवात हशा पिकला. ताशावाल्याने कोणी न सांगता काठी घातली. पोरींनी आण्णांना हळदीने माखलं, म्हाताऱ्याने फेर धरला, आणि त्या चार ओळी बायकांनी सात वेळा म्हणून घेतल्या. सातव्यांदा बनूबाईचाच आवाज सगळ्यांत वर होता. त्या गोंधळात महिपतीचं नाव राहून जात होतं. ते कौसाबाईने दाणा पुन्हा उचलून घेतलं.

त्यानंतर लोक तिला बोलवायला यायचे तेव्हा बजावायचे, "चुकीचं गाणं पण म्हणायचं हां."

१९९४ साली त्याच घरात दुसऱ्या नातीचं लग्न निघालं. या वेळी पाटावर बारा दाणे होते. बारावा कौसाबाईने उचलून मुठीत धरला. ती म्हणाली, "नाव नाय निघत तोंडातून." आणि दाणा पहिल्या नातीच्या सासरहून आलेल्या बनूबाईच्या हातात दिला.

आण्णांचं नाव बनूबाईने गायलं. बायकांनी ओळ झेलली.