नानांची शिवी

दिंडोरीच्या स्टँडवरून एसटी सुटली तसे नाना, म्हणजे माझे वडील, खिडकीसोबत पळत ओरडले, "रांडच्या, पोचल्यावर फोन कर! आन् उपाशी नको राहू!" अख्खी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "लय जीव हाय म्हाताऱ्याचा." कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र रडत होतो. नाशिकला नोकरी लागली होती, आणि नाशिक तेव्हा मला फार लांब वाटायचं.

गावाकडच्यांनो, तुम्हाला हे सांगायला नको. बैल असो, ट्रॅक्टर असो, लाडका नातू असो, नाना याच एका शब्दाने हाक मारायचे. नावाने हाक आली की समजायचं, आता मार आहे. रांड म्हणजे जुन्या बोलीत विधवा. आई चुलीपुढून भांडायची, "आवो, तुम्ही जित्ते असताना माझं पोर रांडंचं कसं?" नाना मिशीत हसायचे. "मंग मी गेल्यावर म्हनायला कोन राहनार? आत्ताच म्हनून घेतो!"

पुढे मी नाशिकमध्येच द्वारका चौकाजवळ फ्लॅट घेतला. लिफ्ट, सीसीटीव्ही, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. बोलणंही बदललं. डोकं फिरलं तरी मी 'एक्स्क्यूज मी' म्हणायला लागलो.

नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. एका सकाळी मी कंपनीची बस पकडायला खाली धावलो, तर गॅलरीतून हाक आली, "ए रांडच्या, डबा राहिला!" खाली एक शेजारी गाडी पुसत होते. आदल्या दिवशीच पार्किंगवरून आमची बाचाबाची झाली होती. त्यांना पुढचा डबा ऐकूच आला नाही. शिवी आपल्यालाच दिली, असं समजून ते तडक चौकीत गेले.

आम्हा दोघांना चौकीत बोलावणं आलं. हवालदार नानांना म्हणाले, "काका, चारचौघांत अश्लील बोलणं गुन्हा आहे. तक्रार आली की आम्हाला घ्यावी लागते." तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला आणि पलीकडच्याला त्यांनी आईवरून अशी काही शिवी हासडली की नानांनी मान खाली घातली. ती कुणी लिहून घेतली नाही.

आणि मी? मी हात जोडून म्हणालो, "सॉरी साहेब, अडाणी आहेत ते. त्यांना कळत नाही." नानांच्या देखत म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो. प्रकरण माफीनाम्यावर मिटलं. चौथी शिकलेल्या नानांनी एकेक अक्षर जपून काढत सही केली.

घराच्या दारात आल्यावर ते हळूच म्हणाले, "विलास, चावी दे." मी दचकलो. पण ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो शब्द गेला तो गेलाच. गावाकडे ट्रॅक्टर बंद पडला तरी नाना गप्प बसायचे. फोनवर "बरं हाय, ठेवतो" एवढंच. मी मुद्दाम उलटसुलट बोलून चिडवायचो. काही उपयोग नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. मी कानाशी वाकून म्हणालो, "नाना, एकदा म्हणा ना." त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे नर्स उभी होती. "नको," ते म्हणाले, "लोक हायेत."

दोन दिवसांनी ते गेले. दहाव्याला आईच्या मोकळ्या कपाळाकडे माझ्याने बघवेना. आता तो शब्द मला खरोखर लागू झाला होता, आणि म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

गावी अजून जातो, आईसाठी. दार तेच, ओटा तोच, पण घरी आलो असं वाटत नाही. आणि सोसायटीला तर मी कधी घर म्हटलंच नाही. परवा परत निघालो तेव्हा आई स्टँडवर आली होती. एसटी सुटली तशी म्हणाली, "पोचल्यावर फोन कर." मी खिडकीतून वाकून वाट पाहिली. ती पुढे काही बोलली नाही. गाडीत कोणी हसलं नाही.